कणगीची उंची आणि तारापूरचा दर्या

श्रावणात मोखाडा तालुक्यातील पोशेऱ्याच्या बाजूस पावसाची झड लागली म्हणजे दिवसचे दिवस डोंगर दृष्टीस पडत नाहीत, आणि अशा ओलीत ज्या घराची भाताची कणगी उंचवट्यावर आहे तेच घर निर्धास्त असते. अणुवीजकेंद्राच्या सुरक्षिततेचे मर्मही पुष्कळ अंशी याच उंचीत आहे. या तालुक्याचे पुष्कळसे पाणी वैतरणेवाटे ज्या अरबी समुद्रास मिळते, त्याच समुद्राच्या काठी, आपल्याच पालघर जिल्ह्यात, १९६९ पासून तारापूरचे केंद्र वीज निर्माण करीत आहे.

अणुभट्टी बंद केली म्हणजे चूल विझली असे होत नाही. विखंडन थांबल्याच्या क्षणीही इंधनातील किरणोत्सर्गी द्रव्यांमुळे पूर्ण शक्तीच्या सुमारे ६ ते ७ टक्के उष्णता निघतच राहते. ती झपाट्याने उतरते खरी, परंतु कित्येक दिवस ती वाहून नेणारे पाणी खेळते ठेवावे लागते, आणि पाणी खेळवणाऱ्या पंपांस वीज लागते. ११ मार्च २०११ रोजी जपानमधील फुकुशिमा येथे भूकंपाबरोबर चालू भट्ट्या बिनचूक बंद झाल्या व डिझेल जनित्रेही सुरू झाली. मात्र सुमारे ५.७ मीटर लाटेच्या हिशेबाने बांधलेल्या त्या केंद्रावर पाऊण-एक तासात १४-१५ मीटर उंचीचे पाणी चालून आले, तळघरांतील जनित्रे व वीजवाटपाची यंत्रे बुडाली, आणि ३ भट्ट्यांतील इंधन वितळले.

तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या फुकुशिमाप्रमाणेच उकळत्या पाण्याच्या भट्ट्यांच्या कुळातील असल्याने त्या दुर्घटनेनंतर आपल्याकडे जी फेरतपासणी झाली तिचे मोल मी फार मानतो. बाहेरून पाणी सोडण्यासाठी जोडण्या असाव्यात, पुराच्या आवाक्याबाहेर जादा जनित्रांची तजवीज असावी, अशा शिफारशी तीत झाल्या. त्यापूर्वी, २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत तमिळनाडूतील कल्पाक्कम केंद्राच्या समुद्रकाठच्या पंपघरात पाणी शिरले, तरी तेथील चालू भट्टी सुखरूप बंद करण्यात आली.

तथापि मला अधिक अस्वस्थ करते ते शेजारच्या गुजरातमधील काक्रापारचे अणुवीजकेंद्र. तेथे जून १९९४ मध्ये ना त्सुनामी आली ना भूकंप झाला. आपल्या ओळखीचाच मुसळधार पाऊस पडला, लगतच्या तलावाचे दरवाजे वेळेवर उघडले गेले नाहीत, आणि पाणी टर्बाइनच्या इमारतीत शिरले. भट्टी त्यावेळी बंद होती, हे सर्वांचे भाग्य. दरवाजा उघडण्याचा हुकूम कोणी द्यावयाचा, किल्ली कोणापाशी, रात्री रस्ता वाहून गेल्यास तेथवर कोणी पोहोचावयाचे, या बाबींचा बंदोबस्त भिंतीच्या जाडीइतकाच कसोशीने झाला पाहिजे.

नोव्हेंबर २०१८ पासून आपल्याच जिल्ह्यातील डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात भूकंपाच्या धक्क्यांची मालिका लागली, तेव्हा माणसे रात्री घराबाहेर तंबूंत निजली. पोशेरा तारापूर केंद्राभोवतीच्या १६ किलोमीटरांच्या आपत्कालीन क्षेत्राबाहेर खूप दूर असले, तरी जिल्हा एकच आहे. म्हणून तारापूरची जनित्रे भरतीरेषेपासून किती उंचीवर आहेत आणि किती उंच पाण्याचा हिशेब धरला आहे, हे दोन आकडे येथील ग्रामसभेत मराठीतून वाचून दाखवले जावेत, अशी माझी कळकळीची मागणी आहे.