जुन्या मोटारीच्या रेडिएटरची गळती

उत्तरपाडा येथील कारखान्यात अँबॅसडर मोटारींची निर्मिती २०१४ साली थांबली. तथापि हौशी मालकांनी जतन केलेल्या अनेक गाड्या आजही धावत आहेत. या गाडीचा जुना रेडिएटर तांब्यापितळेचा, कथील-शिशाने झाळलेला. त्यामुळे बारीक गळतीपायी तो मोडीत काढावा लागत नाही.

गळती शोधावयाची ती एंजिन पूर्ण थंड झाल्यावरच. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडताच दाबाखालचे पाणी उकळून तोंडावर उसळते. हिरवट-पांढरा ओघळ जेथे सुकलेला दिसेल, तेथेच बहुधा छिद्र असते. कधी कधी मात्र दोष रबरी नळीच्या सैल पट्टीचाच निघतो!

पाण्यात हळद टाकण्याचा उपाय पुष्कळांस ठाऊक आहे. वाटेत अडलेल्याने तो करावा, घरी पोहोचलेल्याने नव्हे. भुकटी छिद्र बुजविते तशी अरुंद नळ्याही बुजविते, आणि मग एंजिन तापू लागते.

खरा उपाय झाळकामाचा. रेडिएटर उतरवून रिकामा करावा, कारण आत पाणी असता धातू पुरेसा तापत नाही. जागा चकाकेपर्यंत घासून तीवर जस्ताच्या क्लोराइडाचे द्रावण लावावे. साठ भाग कथील व चाळीस भाग शिसे यांचे मिश्रण सुमारे १९० अंश सेल्सिअसला वितळते. मूळ सांधेही त्याच जातीचे. ज्योत रेंगाळली की शेजारचे सुटतात. उरलेले द्रावण धुवून काढावे, नाही तर तेच धातू खाते. मग रेडिएटर पाण्यात बुडवून बेताने हवा भरावी. बुडबुडे आले नाहीत, की तो गाडीवर चढवावा.