कच्चा वास जाईपर्यंत

गेल्या डिसेंबरात माझी पत्नी न्हाणीघराच्या उंबऱ्याला अडखळून पडली आणि तिच्या उजव्या मनगटाचे हाड मोडले. डॉक्टरांनी सहा आठवड्यांचे प्लास्टर घातले. बन्नूरच्या घरी आम्ही दोघेच असतो. मुलगी बंगळूरुला नोकरी करते. कावेरीच्या कालव्यांवरील आमच्या या भागात डिसेंबर म्हणजे भाताच्या कापणीचे दिवस, त्यामुळे स्वयंपाकाला बाई मिळणे दुरापास्त होते. दोन दिवस शेजारच्या घरून डबा आला. तिसऱ्या दिवशी मलाच संकोच वाटू लागला आणि वयाच्या सहासष्टाव्या वर्षी मी, चहाखेरीज अन्य कारणासाठी प्रथमच, गॅसची शेगडी पेटवली.

ही कबुली अधिक लाजिरवाणी ठरते ती माझ्या सेवापुस्तकामुळे. राज्य प्रशासनातील माझ्या नोकरीची बरीच वर्षे अन्न व नागरी पुरवठा विभागात गेली. खरेदी केंद्रावरील धानात ओलावा १७ टक्क्यांहून अधिक नसावा, हे मला झोपेतही सांगता आले असते. एक वाटी तांदळाला पाणी किती घालावे, हे मात्र ठाऊक नव्हते. धान्याचा हिशेब मी आयुष्यभर टनांत केला; ते शिजते कसे, हा प्रश्न कोणत्याही टिपणीत माझ्यासमोर आला नाही.

नोकरीच्या आरंभीची तीन वर्षे बेळगावात गेली. तेथे सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच शब्द चालतो: मराठीत खानावळ, कन्नडमध्ये खानावळी. ज्वारीची भाकरी, झुणका, भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी. मासिक पैसे भरले की ताटाची चिंता नसे. इतिहासाचा विद्यार्थी असल्याने मुंबईच्या गिरणगावातील खानावळींविषयी मी पुढे वाचले. गावाकडून एकट्या आलेल्या गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या त्या स्त्रिया सावकाराच्या कर्जात अडकलेल्या असत आणि १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी त्यांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, तेव्हा कुठे बँकांची दारे त्यांच्यासाठी उघडली. हे वाचले, एका व्याख्यानात सांगितलेही. पण आपण स्वतः त्याच पंगतीतले परावलंबी पुरुष आहोत, हे मनात आले नाही. खानावळीतून मी थेट लग्नाच्या पाटावर गेलो.

मुलीने फोनवर उपाय सुचवला. “अप्पा, मी किट पाठवते. सगळं मोजून दिलेलं असतं, कागदावर लिहिल्याप्रमाणे करत जायचं.” ताज्या भाज्यांसह येणाऱ्या किटसाठी तिने आमचा पिनकोड टाकला तेव्हा सेवा उपलब्ध नसल्याचे उत्तर आले. बन्नूर म्हैसूरपासून जेमतेम पंचवीस किलोमीटर. आमच्या गावच्या मेंढीचे मटण बंगळूरुच्या हॉटेलांत गावाच्या नावावर विकले जाते. उलट दिशेने मात्र नाशिवंत वस्तू येत नाही. अखेर कोरड्या जिन्नसांचे एक खोके कुरिअरने आले. त्यात तीन जेवणे होती: बिसी बेळे भात, पास्ता आणि राजमा. मोजदादीची सवय जात नाही, म्हणून पुड्या मोजल्या. एकूण तेवीस भरल्या. दोन चमचे तेलालाही स्वतंत्र पुडी होती.

बिसी बेळे भात हा आमच्या जुन्या म्हैसूर प्रांताचा पदार्थ. तो बंगळूरुहून खोक्यात भरून म्हैसूर जिल्ह्यातील एका घरी यावा, यातील विनोद पत्नीच्या नजरेतून सुटला नाही. पण ती काही बोलली नाही. मी कार्ड वाचू लागलो. पहिल्या चार सूचना सरळ होत्या. पाचवीत लिहिले होते: मसाला कच्चा वास जाईपर्यंत परता. येथे मी थांबलो. ज्याने कच्चा वास कधी ओळखलेलाच नाही, त्याला तो गेला हे कसे कळावे? शासकीय परिपत्रकांत ‘यथोचित कार्यवाही करावी’ असे वाक्य असते. ज्याला कार्यवाही ठाऊक आहे त्यालाच ते उपयोगी पडते. मी तशी शेकडो परिपत्रके काढली आहेत. खालच्या कारकुनाला काय वाटत असेल, ते त्या सकाळी शेगडीपुढे समजले.

पत्नी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसली होती. तेथूनच आवाज आला, “अहो, झालं ते. आता पाणी घाला.” थोड्या वेळाने पुन्हा, “तळाला लागतंय, हलवा.” मी भांड्यावर वाकून उभा होतो, मला काही जाणवले नव्हते, तिला दुसऱ्या खोलीत वासावरून कळले. जेवण उत्तम झाले. मी ते श्रेय किटला दिले आणि तीही काही म्हणाली नाही.

चार दिवसांनी, त्याच यशाच्या बळावर, मी तोच पदार्थ त्याच कार्डावरून घरच्या तांदळाचा केला. वजनकाट्यावर ग्रॅम मोजले, पाणी मिलिलिटरमध्ये घेतले. भाताचा पार गिचका झाला. “नवा तांदूळ आहे हा,” पत्नी म्हणाली, “याला पाणी कमी लागतं. त्या कागदाला काय ठाऊक!” किटमधील तांदूळ जुना होता. कार्डावरील प्रमाण त्या तांदळापुरतेच खरे होते आणि तसे कार्डावर कोठेही लिहिलेले नव्हते. ओलाव्याची टक्केवारी पाठ असलेल्या माणसाला नव्या-जुन्या तांदळातला हा फरक चुलीपाशी ओळखता आला नाही, याची खंत मला अजून आहे.

मोजून बांधलेल्या जेवणाची ही कल्पना अगदी अलीकडची मानली जाते. स्वीडनमध्ये २००७ मध्ये ती व्यवसाय म्हणून रुजली, २०११ मध्ये बर्लिनमध्ये आणि २०१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तिच्या मोठ्या कंपन्या निघाल्या. न्यूयॉर्कची ‘ब्लू एप्रन’ २०१७ मध्ये शेअर बाजारात उतरली तेव्हा तिचे मूल्य सुमारे १९० कोटी डॉलर धरले गेले होते. २०२३ मध्ये ती सुमारे दहा कोटी डॉलरला विकली गेली. पहिल्या सवलतीचे खोके घेऊन ग्राहक निघून जातात, हे या धंद्याचे जुने दुखणे. माझ्यासारखा माणूस ग्राहक म्हणून टिकत नाही याचे कारण साधे आहे. तीनदा केले की कार्डाची गरज संपते, आणि तरीही जमले नाही तर खोक्याचीही.

पण पुडीत बंद केलेल्या स्वयंपाकाचा आपल्याकडील इतिहास स्वीडनहून जुना आहे आणि तो माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर घडला. म्हैसूर संस्थानच्या चेलुवांबा प्रासादात १९५० मध्ये केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था सुरू झाली. म्हशीच्या दुधापासून बालआहाराची भुकटी करण्याचे तिचे तंत्र ‘अमूल’ने वापरले. सैनिकांच्या शिध्यासाठी संरक्षण खात्याची अन्न संशोधन प्रयोगशाळा १९६१ मध्ये याच शहरात आली. उघडा, गरम करा आणि खा अशा ज्या पाकिटांनी आज दुकाने भरली आहेत, त्यांमागचे बरेचसे तंत्र या प्रयोगशाळेचे आहे. बंगळूरुच्या मावळ्ळी टिफिन रूम्सची कथा तर धोरणाच्या प्रत्येक अभ्यासकाने वाचावी. १९२४ मध्ये सुरू झालेल्या या उपाहारगृहाने दुसऱ्या महायुद्धातील तांदूळटंचाईत रवा इडली काढली. पुढे आणीबाणीत सरकारने उपाहारगृहांतील दर इतके खाली आणले की दर्जा राखून धंदा चालवणे अशक्य झाले. तेव्हा मालकांनी रवा इडलीचे तयार पीठ पाकिटांत विकायला सुरुवात केली. दरनियंत्रणाचा आदेश काढणाऱ्यांच्या मनात असा उद्योग जन्माला घालण्याचा हेतू असणे शक्यच नव्हते.

या सर्व प्रवासात आपण एक गोष्ट गृहीत धरत आलो. पाकीट पोहोचले की काम झाले. उघडणाऱ्या हातांना पुढचे येतेच. माझ्या तेवीस पुड्यांवरील मजकूर इंग्रजीत होता. यात बेकायदा काही नाही. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाचे लेबलविषयक नियम अनिवार्य तपशील इंग्रजी अथवा देवनागरीतील हिंदीत मागतात. अन्य भाषा जोडण्यास मनाई नाही, सक्तीही नाही. म्हणजे बन्नूरमधील स्त्रीला कन्नडमध्ये अथवा बार्शीतील स्त्रीला मराठीत, या डाळीला पाणी किती आणि हे पाकीट कोणत्या तारखेपर्यंत चांगले, हे सांगणे विक्रेत्याच्या मर्जीवर आहे. मला इंग्रजी येते, म्हणून मी निदान चुकीच्या तांदळापर्यंत पोहोचलो. आमच्या शेजारच्या अक्कांना ते कार्ड दाखवले तेव्हा त्यांनी चित्र पाहून एवढेच विचारले, “यात कढीपत्ता कुठे आहे?” तो नव्हता.

सरकारनेही आता किटचा मार्ग धरला आहे. महाराष्ट्रात २०२२ च्या दिवाळीत ‘आनंदाचा शिधा’ आला: रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल, शंभर रुपयांत. केरळने करोनाच्या काळात घरोघरी किट पोहोचवले. कर्नाटकात २०१३ मध्ये सुरू झालेल्या अन्नभाग्य योजनेतील अतिरिक्त पाच किलो तांदळाऐवजी तूरडाळ, तेल, साखर, मीठ अशा वस्तूंचे ‘इंदिरा आहार किट’ देण्याचा निर्णय ऑक्टोबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने घेतला. जादा तांदूळ बाजारात वळतो, ही त्यामागची एक तक्रार. ताटात डाळ यावी, हा हेतू मला मान्य आहे. माझ्या काळात आम्ही तांदळापलीकडे पाहिले नाही. पण तांदळाबाबतच काय झाले, हे विसरू नये. पोषणमूल्य वाढवलेला तांदूळ रेशन दुकानांत आला तेव्हा शंभर दाण्यांमागे एक दाणा वेगळा, किंचित पिवळसर होता. अनेक राज्यांत बायकांनी तो ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणून वेचून फेकला. लोह आणि जीवनसत्त्वे देण्यासाठी आखलेल्या योजनेचा नेमका तोच दाणा सुपातून उकिरड्यावर गेला, कारण तो का घातला आहे हे वेळेवर आणि त्यांच्या भाषेत सांगितले गेले नाही. पुरवठ्याची साखळी गोदामापासून दुकानापर्यंत आखली जाते. दुकानापासून ताटापर्यंतचा टप्पा कोणाच्याही कार्यकक्षेत नाही.

तो टप्पा कोण पार पाडते, याची आकडेवारी मात्र सरकारकडे आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरच्या विनामोबदला कामात ८१.२ टक्के स्त्रिया सहभागी होत्या आणि २६.१ टक्के पुरुष. त्यातही काम करणाऱ्या स्त्रीचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटांचा वेळ जात होता, पुरुषाचा ९७. सर्वेक्षण वेळ मोजते, हे मोठेच काम आहे. पण तांदूळ नवा की जुना हे बोटांनी ओळखणे किंवा दुसऱ्या खोलीतून मसाल्याचा वास ओळखणे, हे मिनिटांत मावणारे नाही. पुरुषांनी स्वयंपाक करावा असे म्हणणे सोपे आहे. मीही भाषणांतून म्हटले आहे. तो शिकवणार कोण आणि कशातून?

या प्रश्नाने मला एका जुन्या पुस्तकाकडे नेले. आमच्या लग्नात बेळगावच्या एका मराठी सहकाऱ्याने कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ भेट दिले होते. १९७० मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाविषयी मराठी वाचकांना मी सांगावे असे काही नाही. पत्नीला मराठी वाचता येत नाही, म्हणून ते कपाटात पडून राहिले. या डिसेंबरात मी ते काढले. त्यात वाटी आहे, चमचा आहे. वाटी लहान घेतली तर सारेच त्या प्रमाणात लहान होते, म्हणून चूक कमी होते. माझ्या वजनकाट्याने हे कधी सांगितले नसते.

मग आम्ही एक पद्धत बसवली. पत्नी डाव्या हाताने, नेहमीच्या अंदाजाने, जिन्नस ताटलीत काढी. मी तो भांड्यात जाण्याआधी वाटीने मोजून वहीत नोंदवी. मीठ तीनदा मोजले, तिन्ही वेळा जवळपास तेवढेच भरले. ती म्हणे अंदाज, पण अशी अचूकता आमच्या गोदामांतील काट्यांना क्वचितच लाभली. वहीत आज सतरा पदार्थ आहेत. ‘कच्चा वास’ या शब्दांपुढे मी लिहिले आहे: नाकाला झोंबणे थांबते, कडेने तेल सुटते, रंग एक छटा गडद होतो. हे लिहायला मला चार प्रयत्न लागले आणि दोनदा मसाला जळला. राज्याने किटसोबत एक पानी पत्रक द्यावे, प्रत्येक जिल्ह्याच्या भाषेत, वाटी-चमच्याच्या मापात आणि त्या जिल्ह्यातील बचत गटांच्या स्त्रियांकडून लिहवून घेतलेले, असे मी माझ्या जुन्या विभागातील एका तरुण अधिकाऱ्याला सुचवले. त्याने ‘पाहतो, सर’ असे उत्तर दिले. या उत्तराचा अर्थ मला चांगलाच ठाऊक आहे. तरी टिपण लिहून पाठवले आहे.

जानेवारीअखेर प्लास्टर निघाले. पत्नीने पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरात जाऊन मोहरीचा डबा त्याच्या जागी ठेवला आणि मी कोणकोणत्या वस्तू हलवल्या याची यादी ऐकवली. तिच्या मनगटात अजून जोर आलेला नाही, कुकरचे झाकण मीच लावतो. रात्रीचा भातही माझ्याकडेच राहिला आहे. पास्ता मुलगी आली तेव्हा तिनेच करून संपवला. राजम्याची पाकिटे फडताळात आहेत. कार्डावर दुसरीच ओळ आहे, रात्रभर भिजवलेला राजमा घ्या, आणि तो भिजत घालायचे मला दररोज सकाळी आठवते.