लाईट गेली तरी लाल!

‘वीकेंडला कुठे?’ या प्रश्नाला ‘चिंचपाडा’ असं उत्तर दिलं की ऑफिसात दोन मिनिटं शांतता पसरते. अहो, सूरत-भुसावळ लाइनवरचं, नवापूर तालुक्यातलं गाव! (शेजारचं नवापूर स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. पण ते पुन्हा कधीतरी.) तिथे माझी भाची नववीत आहे. तिच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं, म्हणून मी सोल्डरिंग गन आणि मल्टिमीटर बॅगेत टाकून निघालो.

प्रोजेक्ट होता आपोआप बंद होणारं रेल्वे फाटक. खेळण्यातली गाडी सेन्सरसमोर आली की आर्दुइनो बोर्ड छोट्या सर्व्हो मोटरला हुकूम सोडतो आणि दांडा खाली येतो. लॅपटॉपला जोडलं की एकदम झकास! पण प्रदर्शनात लॅपटॉप कुठला? म्हणून तिने चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी लावली. झालं, मोटर हलायला गेली की बोर्ड रिसेट. आपल्यापैकी कितीतरी जणांची इंजिनीअरिंगची प्रोजेक्ट्स इथेच शहीद झालीयेत. आपण रात्रभर कोडमध्ये चुका शोधतो आणि गुन्हेगार असते पॉवर! ती बॅटरी मल्टिमीटरसाठी ठीक. अडकलेली इवलीशी मोटरही अर्ध्या अँपिअरहून जास्त करंट ओढते, मग व्होल्टेज कोसळणारच.

पॉवर बँक लावून पाहिली. गाडीची वाट बघत सर्किट निवांत बसलं, की तिला वाटतं मोबाइल चार्ज झाला. बाईसाहेब झोपी!

शेवटी मोटरला चार रिचार्जेबल पेन्सिल सेलचा वेगळा डबा दिला आणि जवळच १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. दोन्हीकडच्या निगेटिव्ह वायरी मात्र एकत्र जोडायच्या, नाहीतर मोटर नुसती थरथरते. बोर्डला मोबाइलचा चार्जर. मी खूश. भाची नाही.

‘मामा, लाईट गेली तर?’

‘बॅकअप लावू.’

‘आणि तोही संपला तर? गाडी येईल नि फाटक उघडंच!’

रेल्वेने हा प्रश्न फार पूर्वीच सोडवलाय. इंटरलॉक केलेल्या फाटकात, ते बंद होऊन कुलूपबंद झाल्याशिवाय गाडीला हिरवा सिग्नल मिळतच नाही. आणि सिग्नलचा रिले असा जोडतात की वीज गेली तर तो सुटून धोक्याच्याच बाजूला पडतो. म्हणजे हिरव्यासाठी वीज लागते. लाल मात्र फुकट!

आम्ही तेच केलं. पाच व्होल्टचा रिले आणला. दांडा खाली असेल तेव्हाच बोर्ड त्याला ओढून धरतो नि हिरवा एलईडी लागतो. रिले सुटला की त्याचा दुसरा कॉन्टॅक्ट आपोआप जुळतो आणि लाल एलईडी पेटतो, तोही स्वतःच्या दोन सेलांवर. खर्च किरकोळ, सोल्डरिंगला मात्र रात्रीचा दीड वाजला.

सकाळी परीक्षक टेबलापाशी आले. भाचीने गाडी चालवून दाखवायच्या आधी सरळ चार्जरच उपटला. दांडा तसाच वर, पण दिवा लाल.

‘सर, आता फाटक उघडंय,’ ती म्हणाली, ‘पण गाडी अलीकडेच थांबलीये.’