बाकांच्या रांगा नसलेला वर्ग

युरोपातल्या शिक्षण मंत्रालयांचं जाळं असलेल्या ‘युरोपियन स्कूलनेट’ने २०१२ साली ब्रसेल्समध्ये ‘फ्यूचर क्लासरूम लॅब’ सुरू केली. देशोदेशीचे शिक्षक इथे प्रशिक्षणाला येतात. खोलीत बाकांच्या रांगा नाहीत. शोध, निर्मिती, सादरीकरण, संवाद, देवाणघेवाण आणि स्वतःची वाढ असे सहा विभाग आहेत. भर यंत्रांपेक्षा मुलं वर्गात काय करतात यावर. (स्मार्ट बोर्ड टांगून फीत कापणाऱ्यांनी हे जरूर पाहावं!) युरोपीय शिक्षकांना अशा प्रशिक्षणासाठी युरोपीय संघाच्या ‘इरॅस्मस प्लस’ योजनेतून प्रवास, निवास आणि दिवसाला ८० युरोंपर्यंत शुल्क मिळू शकतं. मात्र शिक्षकाने एकट्याने अर्ज करून भागत नाही. तो शाळेमार्फतच करावा लागतो.