उन्हाळ्याचा बाजार : आधी रान, मग आहेर



गळीत हंगाम आटोपला, तोडणी मजूर आपापल्या गावी परतले आणि गव्हाणीवरचा गलबला शांत झाला. शेवटच्या पंधरवड्याच्या उसाचे बिल सोसायटीची वसुली वजा जाऊन खात्यावर पडते, आणि नेमक्या त्याच सुमारास पोरांच्या शाळांना सुट्टी लागते. लेकी माहेराला येतात, भाचरे मामाच्या गावाला येतात, लग्नपत्रिकांनी खुंटी भरून जाते. हातात पैसा, घरात पाहुणे आणि समोर आठवड्याचा बाजार! मग पिशवी मोठी होते आणि हिशेब लहान होतो.

यंदा २०२६ साली तर त्यात आणखी भर आहे. १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ महिना. अधिकात लग्नाचे मुहूर्त नसतात, म्हणून लग्ने त्याच्या आत उरकण्याची घाई. आणि अधिक लागला की जावयांचा धोंडा. म्हणजे एक खर्च संपतो तोच दुसरा दारात उभा. अशा वेळी खरेदी कशी करावी, याविषयी चार अनुभवाच्या गोष्टी सांगाव्यात, म्हणून हा लेख.

आमच्याच घरची गोष्ट

२०१८ सालीही अधिक महिना ज्येष्ठाचाच होता, १६ मे ते १३ जून. थोरल्या मुलीचे लग्न आदल्या वर्षी झालेले, तेव्हा जावयांचा तो पहिलाच धोंडा. चार माणसांत कमी दिसू नये म्हणून आम्ही तालुक्याला गेलो. चांदीचे ताट, निरांजन, जावयांना पोशाख, मुलीला भारी साडी, विहीणबाईंचा मान, दिराचा मान, नणंदेचा मान, सगळे यथासांग केले. गावात नावाजणीही झाली.

आठवड्याने मळ्यात गेलो, तर सुरू उसाची मोठी बांधणी अंगावर आलेली आणि खताला हातात पैसे नाहीत. आपणा सर्वांना ठाऊकच आहे की, नत्राचा ४० टक्के हप्ता आणि स्फुरद-पालाशाचा निम्मा भाग या बांधणीलाच द्यायचा असतो. उधारीवर खत मिळाले ते निम्मेच, आणि तेही पाऊस सुरू झाल्यावर. बांधणी धड साधली नाही, सरीत पाणी तुंबले, पुढे ऊस लोळला. तोडणीला आदल्या सालापेक्षा एकरी दहा टन कमी भरला. धोंड्याचा खरा खर्च किती, ते आम्हाला काट्यावर कळले.

पुढे कधीतरी ही हकीकत जावयांच्या कानावर गेली. ते म्हणाले, "मामा, अहो ते चांदीचं ताट कपाटात तसंच पडून आहे. मला आधी सांगितलं असतं, तर मीच चार पोती खत घेऊन आलो असतो." त्या दिवशी आम्हाला मान वर करवली नाही.

पाच पाकिटे

त्या सालापासून आमच्या घरात एक रीत पडली आहे. ती काढली घरच्या मंडळींनी. आम्ही नुसती मान डोलावली. उसाचे बिल जमा झाले की त्याच संध्याकाळी लग्नपत्रिकांची पाच जुनी पाकिटे घ्यायची. पहिले रानाचे : खत, बी-बियाणे, मशागत. दुसरे शाळेचे. तिसरे दुखण्याखुपण्याचे. चौथे सुट्टीचे व पाहुण्यांचे. पाचवे आहेर-मानपानाचे. पाकिटात नोटा ठेवायला नकोत, पैसे खात्यावरच असू द्यावेत. नुसती आकड्याची चिठ्ठी पुरे. जसजसा खर्च होईल तसतसा आकडा खोडून नवा लिहायचा.

नियम एकच. पाचवे पाकीट संपले तर चौथ्यातून घ्यावे. पण पहिल्या तिघांना कोणीही हात लावायचा नाही, घरधन्यानेसुद्धा नाही!

शाळेच्या पाकिटाबद्दल एक सूचना. सरकारी, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीच्या मुलांना पाठ्यपुस्तके मोफत मिळतात. तेव्हा पुस्तके विकत घेण्याआधी गुरुजींना विचारावे. वह्या मात्र मे महिन्यातच, चार घरांनी मिळून डझनाच्या भावाने घ्याव्यात. जूनमध्ये शाळा उघडायच्या सुमारास दुकानात गर्दी होते आणि गर्दीत भाव कोण विचारतो?

बाजारात पाऊल टाकताना

यादी घरी करावी आणि पोटभर जेवून बाजाराला जावे. भुकेल्या पोटी माणूस दीडपट खरेदी करतो. बाजारात पुढच्या चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

एक, पाकिटावर छापलेली किंमत सर्व कर धरून असते. गारव्याचे पैसे म्हणून थंड बाटलीवर वर दोन-पाच रुपये मागितले, तर ते देऊ नयेत. दोन, मिठाई तोलताना खोका बाजूला ठेवायला सांगावे. खोक्याचे वजन पेढ्यांच्या भावाने घेणे कायद्यात बसत नाही. तीन, पावती घ्यावी. ओळखीचे दुकान असले तरी घ्यावी. फसगत झालीच तर ग्राहकांसाठी १९१५ हा सरकारी क्रमांक आहे. पण पावती नसेल तर तक्रारीला बळ कुठून येणार? चार, सोने घ्यायचे असेल तर हॉलमार्कबरोबर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक पाहावा. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर तो असावाच लागतो, आणि 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपवर तो खरा की खोटा ते जागच्या जागी कळते. हाताशी कॉलेजात जाणारा पोरगा असतोच. त्याच्या मोबाइलचा तेवढा तरी उपयोग करून घ्यावा.

आणि हप्त्याची खरेदी! "शून्य टक्के व्याज" ही पाटी वाचून पुष्कळजण फ्रिज, कूलर, टीव्ही घरी आणतात. रोखीने घेतले तर काय भाव, कागदपत्रांचा खर्च किती, एक हप्ता चुकला तर दंड किती, हे तीन प्रश्न सही करण्याआधी विचारावेत. नोकरदाराला दरमहा पगार असतो. आपले बिल हंगामात येते आणि हप्ता मात्र श्रावणातही चुकत नाही.

सुट्टीचा प्रवास

पोरांना चार दिवस कुठेतरी न्यायलाच हवे, त्यात काटकसर करून त्यांची तोंडे उतरवू नयेत. पण त्यासाठी दर वेळी जीपच ठरवायला हवी असे नाही. एस.टी.त मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्मे तिकीट आहे, ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना २०२२ पासून प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयाच्यांना निम्मे तिकीट आहे आणि १२ वर्षांच्या आतल्या मुलांनाही अर्धेच. आता घरातली माणसे मोजून पाहा : आजी, आई, लेक, नातवंडे. पूर्ण तिकीट काढणारा बहुधा एकटा घरधनीच उरतो! याशिवाय महामंडळाची 'आवडेल तेथे प्रवास' ही चार व सात दिवसांच्या पासाची योजना १९८८ पासून चालू आहे. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट असे एका फेरीत करायचे असेल, तर आगारात चौकशी करून हिशेब मांडावा.

मळ्यातले जेवण

शहरातून आलेल्या भाचरांना सर्वांत जास्त काय आवडते? आम्ही विचारले होते. त्यांनी हॉटेलचे नाव घेतले नाही. आंब्याखाली बसून जेवायचे आणि पंपाच्या धारेखाली अंघोळ करायची, एवढेच मागितले. विहिरीत पोहायला उतरणार असतील, तर पाठीला डबा आणि काठावर पोहता येणारा मोठा माणूस, या दोन गोष्टींशिवाय परवानगी देऊ नये.

मळ्यातल्या जेवणाला खरेदी थोडी आणि पूर्वतयारी जास्त लागते. बेत साधा असावा : भाकरी, पिठले, ठेचा, कांदा, कैरीचे पन्हे आणि आमरस. भात आणि दही उन्हात लवकर आंबतात, म्हणून ते भर दुपारी नेऊ नयेत. रस घरून काढून न नेता आंबे न्यावेत आणि जागेवर पिळावेत. पंगत अकराच्या आत किंवा दिवस मावळल्यावर.

रसासाठी हापूसचाच हट्ट धरू नये. हापूस कापून खाण्याचा. रसाला आपला केसर किंवा गावठी रायवळ काही कमी नाही, आणि पैसे निम्म्याहून कमी लागतात. पाड लागलेले आंबे शेकड्याने घेऊन घरीच पेंढ्यात आढी घालावी. कार्बाइडने फळे पिकवायला कायद्याने बंदी आहे, तरी बाजारात तसे आंबे येतात. वरून एकसारखा पिवळाधमक, पण देठाजवळ वास नाही आणि आत आंबट, असा आंबा घेऊ नये. मुद्दाम कोकणातला हापूसच हवा असेल, तर पेटीवर बागायतदाराचे नाव-गाव पाहावे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्याच नावाने दुसरीकडचे आंबेही खपवले जातात.

थर्माकोलच्या ताटल्यांना महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे. त्यापेक्षा पळसाच्या पत्रावळी-द्रोण घ्यावेत. जेवण झाले की बांधावरच्या खड्ड्यात टाकले की त्यांचे खत होते. थर्माकोल उसाच्या सरीत वर्षानुवर्षे तसाच राहतो.

देणे-घेणे

आता सर्वांत नाजूक विषय. आपल्याकडच्या आहेरातल्या निम्म्या वस्तू कोणी वापरतच नाही. आमच्या घरची ट्रंक उघडली तेव्हा एकोणीस ब्लाऊजपीस आणि सात टॉवेल-टोप्या निघाल्या. त्यातला एक टॉवेल आम्हीच पूर्वी एका लग्नात दिलेला होता. गावभर फिरून तो पुन्हा घरी आला! अशा फिरत्या आहेरावर पैसे घालण्यापेक्षा थोडे द्यावे, पण वापरात येईल असे द्यावे.

शेअरची साखर घरात असते. कैऱ्याही झाडाला आहेत. किसलेल्या कैरीच्या दीडपट ते दुप्पट साखर घालून, मंद आचेवर पाक होईपर्यंत शिजवून केलेला साखरांबा कोरड्या बरणीत वर्षभर टिकतो. शहरातल्या लेकीला अशी एक बरणी, चार किलो कुरडया-पापड, घरची हळद, एवढे दिले तर ती ते वर्षभर काढून खाईल आणि प्रत्येक वेळी माहेर आठवेल. घरी करणे होत नसेल, तर गावातल्या बचत गटाकडून घ्यावे. पैसा गावातच राहतो.

विकतचीच भेट द्यायची असेल, तर सोलापुरी चादर किंवा कोल्हापुरी चप्पल द्यावी. रोजच्या वापराची वस्तू, आणि आपल्याच कारागिरांच्या हातची. पैठणी घेणार असाल तर पदर उलटून पाहा. हातमागाच्या पैठणीची नक्षी दोन्ही अंगांनी सारखीच दिसते. मागे दोरे लोंबत असतील तर ती हातमागाची नव्हे, मग भावही हातमागाचा देऊ नका.

आणि धोंडा? धोंड्याला मान आहे तो ३३ अनारशांचा. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचे, सावलीत सुकवून दळायचे, पिठाच्या वजनाइतका गूळ घालून गोळा चार-पाच दिवस मुरवायचा, मग खसखशीवर थापून तुपात तळायचे. म्हणजे आठ-दहा दिवसांची घरची मेहनत. खर्च तांदळाचा, गुळाचा आणि तुपाचा. त्यावर दिवा लावून दिला की धोंडा पुरा होतो. चांदीचे ताट ज्याला झेपते त्याने जरूर द्यावे. पण कर्ज काढून दिलेल्या ताटात पुण्य किती आणि व्याज किती, याचा विचार व्हावा.

शेवटी

हे सारे लिहिताना आम्हाला भीती वाटते की, कोणी म्हणेल, लेक-जावई आले तरी हा खताचाच हिशेब सांगतो. तसे नाही. पाहुणा यावा, आंबे पिळावेत, पोरांनी मळा डोक्यावर घ्यावा, यासाठीच तर वर्षभर राबायचे. पण मृगाचा पाऊस पडेल तेव्हा खताची पोती घरात असली, तरच पुढच्या उन्हाळ्यात पाहुण्यापुढे हसून ताट मांडता येते.

यंदा अधिकाच्या आठ दिवस आधी आम्ही जावयांना फोन केला आणि सरळ सांगितले, "यंदा अनारसे, साखरांबा आणि मळ्यातलं जेवण. चालेल ना?" पलीकडून जावई हसले. म्हणाले, "मामा, चालेल. पण मोठ्या बांधणीला मला बोलवा, मी दोन दिवस रजा काढून येतो."

पहिले पाकीट शाबूत आहे. खत आणून ठेवले आहे. आता पाहुण्यांची वाट पाहतो आहोत.