द्राक्षांची सागरयात्रा

नाशिककडच्या बागेत द्राक्षाचा घड वेलीवरून खुडला, तरी त्याचा श्वास चालूच असतो. त्याला ऊब मिळाली, की तो थोड्याच दिवसांत देठासह सुकू लागतो. म्हणून निर्यात करणारे व्यावसायिक काढणीनंतर काही तासांतच घड शीतगृहात नेऊन शून्य अंशाच्या आसपास थंड करतात व पेटीत बुरशी रोखणारा गंधकयुक्त कागद घालतात. मग न्हावाशेवा बंदरातून तो माल निघतो. अरबी समुद्र, तांबडा समुद्र, सुवेझचा कालवा, भूमध्य समुद्र आणि अखेर हॉलंडमधील रॉटरडॅम, असा हा जवळचा मार्ग आहे.

१८६९ साली खुल्या झालेल्या सुवेझ कालव्यामुळे आफ्रिकेचा वळसा वाचला होता. परंतु २०२३ च्या अखेरीस येमेनमधील हुती बंडखोर तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले करू लागले. तेव्हा अनेक जहाजांनी पुन्हा आफ्रिकेचे दक्षिण टोक गाठले. प्रवास सुमारे दोन आठवड्यांनी लांबला आणि भाडेही वाढले. कापसाची गाठ उशिरा पोहोचली, तरी ती कापूसच राहते. द्राक्षांचे मात्र देठ वाळले, की दर उतरलाच!

अशा वेळी मध्यम आकाराच्या व्यवसायाची स्थिती अवघड होते. बलाढ्य कंपनीप्रमाणे त्याला दीर्घकाळ तोटा सोसवत नाही; शिवाय शीतगृहाचे कर्ज आणि अनेक शेतकऱ्यांचा भरवसा त्याच्या शिरावर असतो. मग तो दूरचा प्रवास सोसणारा टणक माल तेवढा युरोपला धाडतो. काही माल आखाती देशांकडे वळवतो, कारण दुबईला जाताना तांबडा समुद्र लागतच नाही. काहींचे बेदाणे होतात. बेदाण्यांना कसलीच घाई नसते.

२०२० च्या टाळेबंदीत मोहाडी येथील 'सह्याद्री फार्म्स' या शेतकऱ्यांच्या कंपनीने तर मुंबई-पुण्यात थेट घरोघरी फळे व भाज्या पोहोचवल्या.

त्याआधीचा, २०१० सालचा प्रसंग अधिक कठीण होता. वेलीची वाढ आवरण्यासाठी फवारलेल्या एका रसायनाचा अंश आपल्या द्राक्षांत युरोपमध्ये आढळला आणि परक्या बंदरांत माल अडकून पडला. ते रसायन तोवर आपल्याकडील तपासणीच्या यादीतच नव्हते! पुढे ते यादीत आले. आता युरोपला जाणाऱ्या द्राक्षांचा नमुना, घड वेलीवर असतानाच, प्रयोगशाळेत जातो आणि तेथून होकार आल्यावरच बागेत कात्री चालते.