एकाचे दोन दिसू लागले तर…

भाजी चिरताना एका सुरीच्या दोन दिसू लागल्या, तर आपण बायका काय करतो? चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणतो नि पुढची कामं उरकतो. आधी एक डोळा झाकून बघा, मग दुसरा. कुठलाही एक झाकल्यावर जास्तीची सुरी गायब होत असेल, तर दोष नंबरचा नाही. डोळे एका रेषेत नाहीत.

डोळा हलवणारे सहा स्नायू तीन नसांवर चालतात. त्यातली सहावी नस लुळी पडली, की डोळा कानाच्या बाजूला वळत नाही. मधुमेह, रक्तदाब असलेल्या पन्नाशीपुढच्यांना हे होऊ शकतं. डॉक्टर साखर, रक्तदाब तपासतात. बहुधा तीनेक महिन्यांत डोळा आपोआप सुधारतो. तोवर एका डोळ्यावर पट्टी किंवा चष्म्याला प्रिझम. स्कूटी मात्र बंद! सहा महिन्यांनंतरही तिरळेपणा उरलाच, तर शस्त्रक्रिया.

पण पापणी खाली पडली, बाहुली मोठी झाली, डोकं असह्य दुखू लागलं, तर वेगळी शंका घ्यावी लागते. मेंदूतली रक्तवाहिनी फुगून तिसऱ्या नसेवर दाबत असू शकते. ती फुटली तर जिवावर बेततं. मग पाहुणे जाईपर्यंतही थांबू नका. तडक मोठं इस्पितळ गाठून रक्तवाहिन्यांचा स्कॅन करून घ्या.